गवतावर बसणाऱ्या बायका

लॉन आजारी पडलं की घरमालक आधी माळ्याला शिव्या घालतो, मग पाण्याला, मग शेजाऱ्याच्या कुत्र्याला, आणि हे सगळं करून दमला की मला फोन करतो. बत्तीस वर्षं मी बेंगळुरात हेच काम केलं. लोकांच्या घरापुढच्या हिरवळीला कुठला किडा लागलाय, कुठली बुरशी धरलीय ते ओळखायचं आणि औषध द्यायचं. आमचे वडील शिंपी. इथेच बनशंकरीत त्यांचं छोटं दुकान होतं. ते म्हणायचे, "माणसाला कपडा शिवतो तो शिंपी. जमिनीच्या कपड्याला रफू करतो त्याला काय म्हणायचं रे?" मी हसायचो, पण त्यांना माझ्या धंद्याचं कौतुक नव्हतं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी लॉन बहुधा लग्नाच्या हॉलमागेच पाहिलेलं असतं, पाहुण्यांच्या चपलांखाली. इथे बेंगळुरात ते घरापुढे असतं, आणि त्यावर सहसा कुणी पाऊल ठेवत नाही. आठशे-हजार चौरस फूट गवत, मेक्सिकन नाहीतर बर्म्युडा, आणि ते वर्षभर एकसारखं हिरवं दिसलं पाहिजे हा हट्ट. रानातल्या गवतात शंभर जाती शेजारीशेजारी नांदतात, एकीला रोग आला तर दुसरी पसरते. लॉनमध्ये एकच जात, दाटीवाटीने, रोज पाणी, दर आठवड्याला कातरणी. अशा गवताला रोग नाही लागणार तर कुणाला लागणार? पण हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो दुसरा माणूस बोलावतो, म्हणून मी सांगत नसे.

रोग ओळखण्यात मात्र माझा हात कुणी धरू शकत नसे, हे मी आजही छातीठोक सांगेन. सकाळी दव असताना गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी. साळुंक्या एकाच जागी चोची खुपसताहेत, तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी, जाड, वळून पडलेली अळी. मूठभर गवत धरून ओढायचं. हुमणी असेल तर ते मुळांवाचून पायपुसण्यासारखं उचलून येतं. पानं खाणाऱ्या अळ्या शोधायच्या तर बादलीत साबणाचं पाणी करून ओतायचं, दहा मिनिटांत त्या वळवळत वर येतात. यात जादू काही नाही. पण गिऱ्हाईक समोर उभं असलं की मी बादली अशी काही ओतायचो की बायका दोन पावलं मागे सरायच्या.

हेब्बाळला एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या लॉनवर बशीएवढे जळके डाग पडत, मधे मेलेलं आणि कडेला गडद हिरवी कड. त्यांचं पक्कं मत होतं की शेजारी भिंतीवरून अॅसिड ओततो. पोलिसांत अर्जही लिहून ठेवला होता. मी म्हटलं, उद्या सहाला येतो, दोघं मिळून बसू. दुसऱ्या दिवशी आम्ही व्हरांड्यात कॉफी घेऊन बसलो. सव्वासहाला त्यांचा म्हातारा लॅब्रेडोर डुलत बाहेर आला, जुन्या डागाच्या शेजारी नवी जागा निवडली आणि आमच्या दोघांकडे बघत आपलं काम उरकलं. गृहस्थांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आज सिच्युएशन वेगळी आहे, तुम्हाला बघून तो नर्व्हस झाला." अर्ज त्यांनी फाडला की नाही मला माहीत नाही.

सर्जापूर रोडच्या एका अपार्टमेंटची गोष्ट इतकी मजेची नाही. तिथल्या बागेच्या समितीत सात जण, सातही इंजिनियर. दर पावसाळ्यात त्यांच्या लॉनला बुरशी धरायची. कारण सोपं होतं, पाण्याचे फवारे संध्याकाळी सात वाजता सुरू व्हायचे आणि गवत सकाळपर्यंत ओलं राहायचं. मी सांगितलं, पाणी पहाटे द्या, औषधाची गरजच पडणार नाही. त्यांनी भिंतीवर पडदा लावून बुरशीचे फोटो आणि आलेख दाखवले, तासभर चर्चा केली आणि ठरवलं की फवारे संध्याकाळीच हवेत, कारण ऑफिसातून येताना ते बघायला बरं वाटतं. मीही फार ओढून धरलं नाही. त्यांच्या बुरशीवर माझी चूल पेटत होती. आज मागे बघताना या गोष्टीची मला लाज वाटते, पण तेव्हा हसू आलं होतं हे खरं.

आता औषधाबद्दल. आमच्या धंद्यात विष हा शब्द कुणी काढत नाही. मराठीत औषध, कन्नडमध्ये औषधी, मारवाडी दुकानदाराकडे दवा. पण डब्यावर सरकारने खूण करून ठेवलेली असते, एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. हिरवा म्हणजे सौम्य, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याच्यावर कवटीही असते. निरक्षर माणसालाही कळावं म्हणून ही सोय आहे.

मी ती लेबलं काढून टाकत असे.

एकटा मीच नव्हे, लॉनच्या धंद्यातले बरेच जण हे करत. कारण असं, की माझ्याकडे काम शिकलेल्या दोघांनी डब्यांवरची नावं पाठ केली आणि माझीच गिऱ्हाइकं फोडली. शिवाय गिऱ्हाइकं हुशार झाली. डब्याचा फोटो काढायचा, फोनवर शोधायचं, आणि पुढच्या वेळी माळ्याकडून तेच मागवून घ्यायचं. मग मी सगळी औषधं आणल्या आणल्या पांढऱ्या कॅनमध्ये ओतायला लागलो. कॅनवर मार्करने फक्त आकडा. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, ते माझ्या डोक्यात. बूच उघडून वास घेतला तरी मी नाव सांगू शकायचो आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. पाच नंबरचा कॅन मात्र कुठल्याच एका औषधाचा नव्हता. उरलंसुरलं त्यात जायचं. विक्री बंद झालेलं एक जुनं जहाल औषधही मी त्यातच ओतून ठेवलं होतं. टाकून द्यायला जीव होईना, कारण हुमणीवर त्याच्यासारखं काही चालत नव्हतं.

आणि आता मुनियक्का. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय हे सगळं सांगण्यात अर्थ नाही.

लॉनमधलं तण यंत्राने निघत नाही. ते काढायला बायका असतात. डोक्याला पदर नाहीतर टॉवेल गुंडाळून त्या गवतावर ओळीत बसतात, अनवाणी, हातात छोटं खुरपं किंवा जुना स्क्रूड्रायव्हर, आणि बसल्या बसल्याच सरकत सगळं लॉन पालथं घालतात. बेंगळुरातली कुठलीही मोठी बाग बघा, गवतावर पाऊल ठेवू नका अशी पाटी असते आणि त्या पाटीपलीकडे या बायका बसलेल्या असतात. मुनियक्का माझ्याकडे एकोणीस वर्षं होती. सर्जापूरच्या पलीकडच्या गावची. सर्जापूर रोडवर आज जिथे व्हिला आहेत तिथे तिने तरुणपणी मजुरीने नाचणी कापली होती. वयाने माझ्याएवढीच असेल, पण मला अण्णा म्हणायची आणि मी तिला अक्का.

तिचे हात म्हणजे काय सांगू! मी डोळ्यांनी जे ओळखायचो ते तिला तळव्याने कळायचं. तण काढता काढता थांबायची आणि मला हाक मारायची, "अण्णा, इल्ली बन्नी, इकडे या. इथं गवत स्वल्प सैल लागतंय." मी बघायचो तर गवत हिरवंगार. आठवड्याने बरोबर त्याच जागी पिवळं पडायचं. माझ्या नावावर जमा झालेल्या कितीतरी निदानांमागे तिचे हात होते. गिऱ्हाइकांना मी ते कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सर्जापूर रोडच्या एका व्हिलातून मृण्मयीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा पुण्याहून आलेले, दोघं आयटीत. मराठीत बोलायला मिळतं म्हणून ती मला काका म्हणायची आणि फोनवर मनमोकळं बोलायची.

"काका, अहो लॉन टोटली गेलंय. मधोमध ब्राऊन पॅच. सॅटर्डेला पिल्लूचा फर्स्ट बर्थडे आहे, पुण्याहून सगळे येतायत, आणि सगळी अॅरेंजमेंट लॉनवरच आहे. प्लीज काहीतरी करा ना."

मी गेलो. साळुंक्या होत्या. गवत ओढलं तर पायपुसणं हातात आलं. शनिवारपर्यंत हिरवं होणं अशक्य होतं, ते तिला सांगितलं. मेलेल्या भागावर नवी गवताची चादर टाकून देतो म्हटलं, पण आधी खालच्या अळ्या मारल्या पाहिजेत, नाहीतर त्या नवीही खातील. तीन दिवस हातात. सरळ मार्गाने जायला वेळ नव्हता. बुधवारी सकाळी मी पाच नंबरचा कॅन उघडला आणि खात्रीसाठी नेहमीच्या दुप्पट घालून सगळ्या लॉनला औषधाच्या पाण्याची भिजवण दिली.

मृण्मयीला मी बजावून सांगितलं, "तासाभराने भरपूर पाणी सोडा, म्हणजे औषध खाली मुळांत उतरेल. आणि शुक्रवार रात्रीपर्यंत लॉनवर कोणी जायचं नाही. बाळ नाही, कुत्रा नाही, कोणी नाही."

"हो काका, डोन्ट वरी. स्लायडिंग डोअर लॉकच करते."

तिने खरंच दार लावलं. बाळाला तीन दिवस बाहेर आणलं नाही. पण त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही. तिच्या लेआउटमधल्या बोअरचं पाणी आटलेलं, टँकरवर सगळं चालायचं. घरात प्यायला, अंघोळीला होतं तेवढं जपून वापरलं, लॉनला पाणी मिळालं नाही. ते तिला तितकंसं महत्त्वाचं वाटलं नाही, आणि मीही फोन करून विचारलं नाही. औषध वरच राहिलं, गवताच्या पानांवर.

गुरुवारी मुनियक्का नेहमीप्रमाणे तण काढायला गेली. गुरुवार हा मृण्मयीच्या लॉनचा दिवस. छोटं लॉन, एकटीचं काम. तिची मुलगी सरोजा माझ्याकडेच काम करायची, ती त्या दिवशी दुसरीकडे होती. मृण्मयीने दार उघडून तिला आत घेतलं आणि वर आपल्या मीटिंगला बसली. मुनियक्का नऊला गवतावर बसली ती दीडपर्यंत उठली नाही. ऊन होतं. ती सरकत गेली, दवाने आणि घामाने साडी ओली, हात ओले. मधे कमरेची पिशवी काढून तिने पान लावलं आणि तोंडात घातलं, नेहमीसारखंच. मग तिथेच बसून मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, हाताने खाल्ले.

तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. बत्तीस वर्षांत कुठल्याही फवारणीनंतर मी बायकांना सांगितलं नव्हतं. मालकाला सांगायचं, म्हणजे त्याची मुलं सांभाळली जातात. बायकांना काय सांगायचं असतं? त्या जिथं सांगितलं तिथं बसतात. ही आमच्या धंद्यातली रीत होती, आणि तिच्यात काही चुकीचं आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मृण्मयीने नंतर रडत रडत मला विचारलं, "काका, तुम्ही म्हणालात कोणी जायचं नाही. मला वाटलं म्हणजे आम्ही. त्या तर तुमच्याच ना? मला वाटलं त्यांना माहीत असेल." ती बोलली ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

दोन वाजता तिचा फोन आला की अक्का उलट्या करतायत आणि त्यांना घाम फुटलाय. मी जवळच होतो. पोचलो तोवर मृण्मयीने गाडी काढली होती. आम्ही मुनियक्काला मागच्या सीटवर घातलं. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी. हाताची बोटं आपोआप थरथरत होती. मला कळलं काय झालंय. पहिल्याच नजरेत कळलं, कारण आयुष्यभर मी हेच औषध हाताळत आलो होतो आणि डब्यावरच्या सूचना मीच तर फाडल्या होत्या.

जवळच्या नर्सिंग होममध्ये ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. स्ट्रेचरवर तिला घेतलं. त्याने मला कन्नडमध्ये विचारलं, "काय मारलं होतं लॉनवर?"

हा प्रश्न मला पुढची सगळी वर्षं झोपू देणार नाही हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे पोलीस आले. परवाना आला. विक्री बंद असलेलं औषध दुप्पट मापाने, तेही लहान बाळ असलेल्या घरात, असं कुणीतरी कागदावर लिहितंय असं दिसलं. मी म्हणालो, "फंगसची पावडर, सर. सौम्य. हिरव्या खुणेची."

"नक्की?"

"नक्की, सर."

मुनियक्का माझ्या कोपराशी पडली होती. डोळे मिटलेले. डॉक्टरने ते उन्हाचं आणि शिळ्या अन्नाचं धरलं, सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. भिंतीवर घड्याळ होतं. मी मनात म्हणत होतो, सलाईनने उतरेल, बाई काटक आहे, उतरेल. मी भित्रा माणूस आहे हे मला साठीला पोचेपर्यंत कळलं नव्हतं. त्या बाकावर कळलं. एक तास मी तिथे बसलो, एक तासाहून थोडा जास्तच.

मग आतून घरघर ऐकू आली. श्वासाबरोबर छातीत पाणी खळखळावं तशी. नर्स धावली. डॉक्टर टॉर्च घेऊन तिच्या डोळ्यांत बघत होता. तो वळून माझ्याकडे आला, आणि त्याचा चेहरा पार बदलला होता.

"बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. फंगसच्या पावडरने असं होत नाही. खरं सांगा."

मी सांगितलं. किड्यांचं औषध, जहाल, लाल खुणेचं.

"नाव?"

"एक नाही, सर. मिश्रण आहे."

"डबा आणा. लेबल बघू."

"लेबल नाही," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला, दोन सेकंद असतील. आत जाऊन त्याने उतारा द्यायला सुरुवात केली, इंजेक्शनामागून इंजेक्शन, आणि अँब्युलन्स बोलावून तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, जिथे श्वास द्यायचं यंत्र होतं. ती त्या यंत्रावर बरेच दिवस होती. सरोजा बाहेर जमिनीवर बसून असायची. मी रोज जायचो, तिच्यासाठी डबा घेऊन जायचो, आणि ती माझ्या पायाला हात लावायची. मी पाय मागे घ्यायचो. तिला वाटायचं अण्णांचा विनय.

पोलीस आले, जबाब झाला, अपघात म्हणून लिहून घेतलं. त्या मधल्या तासाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नर्सिंग होमच्या डॉक्टरने काय लिहिलं मला माहीत नाही. मुनियक्का वाचली. घरी आली, पेज प्यायला लागली, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि मग तिसऱ्या आठवड्यात तिचे पाय लुळे पडायला लागले. चालताना पाऊल जमिनीवर फटकन आपटायचं. मागोमाग हात. बोटांत पेला धरवेना. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा काही विषांत हे होतं, माणूस वाचला असं वाटत असतानाच नसा मरायला लागतात. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "एक तास आधी कळलं असतं तर?"

ते म्हणाले, "कोण सांगणार? कदाचित तरीही झालं असतं. कदाचित नसतंही."

यावर विसंबून मी माझी सुटका करून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही.

औषधाचं काम मी सोडलं. कॅन कुठे द्यायचे ते शोधण्यात महिना गेला, कारण असल्या गोष्टी घ्यायला कुणी तयार नसतं. आता मी फक्त कातरणी, माती आणि तण बघतो. बायकांची टोळी सरोजा सांभाळते. तिचा नवरा वारला आहे, दोन पोरं शाळेत आहेत, हेच काम तिला येतं.

मुनियक्का घराच्या कट्ट्यावर बसून असायची. तिच्या गल्लीत मी गेलो की बायका बाहेर येऊन मला कॉफी द्यायच्या, कारण तिने सगळ्यांना सांगितलं होतं की अण्णांनी मला वाचवलं. डॉक्टरला काही कळत नव्हतं, अण्णांनी औषध कुठलं ते सांगितलं म्हणून जगले. मी ती कॉफी प्यायचो. वर्षभर प्यायलो. मला त्या कॉफीची शिसारी यायला लागली, आणि स्वतःचीही.

शेवटी एका रविवारी मी ठरवून गेलो. सरोजा पोरांना घेऊन देवळात गेली होती. मुनियक्का कट्ट्यावर एकटी, हात मांडीवर उपडे ठेवलेले. मी खाली पायरीवर बसलो आणि कन्नडमध्ये सगळं सांगितलं. कॅन, दुप्पट माप, आणि तो तास. डॉक्टरने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, अक्का. पोलिसांना भ्यालो.

ती रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "गोत्तु अण्णा. माहीत आहे."

"कसं?"

"ऐकू येत होतं. डोळे उघडत नव्हते, पण कान होते ना. हिरव्या खुणेची पावडर म्हणालात. मला वाटलं, अण्णा म्हणतात तर तसंच असेल. मग छाती भरायला लागली तेव्हा कळलं."

मला रडू आलं. मी तोंड झाकून घेतलं. ती माझं होईपर्यंत थांबली. मग मी विचारलं, "मग तू सगळ्यांना का सांगतेस की मी वाचवलं?"

"सरोजाला काय सांगू मग?" ती म्हणाली. "खरं सांगितलं तर ती तुमचं काम टाकेल. टाकून कुठं जाईल? दुसऱ्या कुणाच्या लॉनवरच जाईल ना. ते लोक सांगणार आहेत का, काल काय मारलंय ते? एकही सांगत नाही. तुम्हीही सांगत नव्हता." मग ती म्हणाली, "तुम्ही आता भ्यालाय. तुम्ही विचाराल. माझ्या पोरीला तुमच्याकडेच राहू दे. तिला हे सांगू नका. सरी ना? बरं ना?"

"सरी," मी म्हटलं.

तिने मला माफ केलं असं समजू नका. तसं ती म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही. उठताना मी तिच्या हाताला हात लावला तेव्हा तिने तो काढून घेतला नाही, पण तिला काढून घेता आला असता की नाही हेही मला माहीत नाही.

तेव्हापासून कुठल्याही लॉनवर बायका बसण्याआधी मी मालकाच्या दारावर जातो आणि विचारतो, गेल्या आठवड्यात इथं काही मारलंय का? कुणी मारलं, कधी, डबा दाखवा. लोक वैतागतात. काही जणांनी मला काढून टाकलं. बाकीचे हसून म्हणतात, "नाही हो काका, काही नाही. थोडंसं ऑरगॅनिक, एकदम सौम्य." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून त्या डॉक्टरला काही कळलं नव्हतं, तर मला यांच्या तोंडावरून काय कळणार? मग मी चपला काढून गवतावर जातो, वाकतो, तळवा टेकतो, वास घेतो. पूर्वी वासावरून नाव सांगायचो, आता नाकावर माझा विश्वास नाही.

सरोजा फाटकाशी उभी असते, मागे तिच्या बायका, हातात खुरपी. ती विचारते, "अण्णा, बसू का?"

मी म्हणतो, बस. आणि ती बसते, लगेच, गवताकडे न बघता.